गच्चीवरच्या खोलीतला गिटारवाला

नल्लकुंट्यात तेव्हा दर दुसऱ्या घराच्या गच्चीवर एक खोली असायची आणि फाटकाला 'टू लेट'ची पाटी. विद्यापीठ जवळ, त्यामुळे पोरं बारा महिने खोल्या शोधत फिरायची. ज्यांना आम्ही पुढं भाई म्हणायला लागलो, ते आमच्या दारात आले त्या दुपारी अशा बऱ्याच पाट्या वाचून आले होते. एका हातात सूटकेस, पाठीवर काळ्या कापडात गुंडाळलेली गिटार आणि घामानं भिजलेला पांढरा शर्ट. आईनं दार उघडलं आणि पदर सावरत एक पाऊल मागं सरकली. इतका उंच, इतका काळा माणूस तिनं एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता.

"खोली किराये पे देते क्या, अम्मा?" त्यांनी विचारलं. अस्सल हैदराबादी बोलीत.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, आतून बाहेर आले. सरकारी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करायचे ते. त्यांनी भाईंना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. भाई अंगोलाचे. शेतकीचं शिक्षण घ्यायला शिष्यवृत्तीवर आलेले. शिक्षण संपलं, हॉस्टेल सोडावं लागलं, आणि नेमकी त्याच सुमारास तिकडं थांबलेली लढाई पुन्हा पेटली. त्यांच्या आईची पत्रं येणं बंद झालं होतं. ती जिवंत आहे की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं. हे सगळं त्यांनी मान खाली घालून, ग्लास हातात फिरवत सांगितलं.

आई स्वयंपाकघरातून दादांना खुणावत होती. दादा आत गेले. मी तिथंच भाजी निवडत बसले होते.

"घरात वयात आलेली पोरगी आहे," आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"मी कंधारहून इथं आलो तेव्हा बेगम बाजारात एका मालकानं आडनाव विचारलं," दादा म्हणाले, "आणि खोली आत्ताच गेली म्हणून सांगितलं. पाटी माझ्या डोळ्यांसमोर लटकत होती."

संध्याकाळी आईनं वर भाकरी आणि पिठलं पाठवलं.

गल्लीला ते पचलं नाही. शेजारच्या बाई आमच्या गच्चीला लागून पापड वाळवायच्या, ते त्यांनी बंद केलं. समोरचे रिटायर्ड मास्तर दादांना पाहून चष्मा पुसायला लागायचे. भाई मात्र येता-जाता सगळ्यांना 'सलाम, नमस्ते' करायचे. कुणी उत्तर दिलं तर दिलं.

ते गिटार वाजवतात हे माहीत होतं, पण कसं वाजवतात ते आठवडाभरानं कळलं. मी गच्चीवर कपडे काढायला गेले होते. खोलीचं दार उघडं होतं. त्यांचा अंगठा जाड तारांवर संथपणे चालत होता, आणि बाकीची बोटं त्याच्या मागंपुढं पळत होती, कधी अडखळल्यासारखी, कधी घाईत. मधूनच असे सूर यायचे की आता हा चुकला असं वाटावं, आणि पुढच्याच क्षणी तोच चुकलेला सूर बरोबर वाटायचा. मी कपडे हातात घेऊन तशीच उभी. मला सम सापडेना.

सम शोधायची सवय मला दादांमुळं. छापखान्यातून आल्यावर दादा गायन पार्टी चालवायचे. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला विहारात गाणी व्हायची. दादा पेटीवर, आणि लहानपणापासून ढोलकीवर मी. बारावी झाल्यावर आईनं ढोलकी कपाटावर ठेवून दिली. मुलगी मोठी झाली, आता लोकांसमोर मांडी घालून ढोलकी वाजवायची नाही. मी बीकॉम केलं, कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. भाईंना ऐकलं त्या दिवशी मी खुर्चीवर चढून ढोलकी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी भाई वाजवत होते तेव्हा मी दाराबाहेर बसून हळूच ठेका धरला. ते थांबले, हसले. दोन पेन्सिली घेतल्या आणि कठड्यावर ठोके दिले. तीन ठोके, मग दोन. तीन, मग दोन. मधल्या जागा अशा वाकड्यातिकड्या की माझा हात त्यांत घुसेना.

"गिनती मत करो, छोटी," ते म्हणाले. "पैदल चलते ना? एक पाँव जमीन पे, दूसरा हवा में. हवा वाला भी ताल है."

त्यांच्या बंदराच्या गावी क्यूबाहून आलेला एक डॉक्टर होता, त्यानं त्यांना गिटार शिकवली. दवाखाना बंद झाला की डॉक्टर तिकडची नाचाची गाणी वाजवायचा. आणि भाईंचे एक मामा जहाजावर काम करायचे, ते अमेरिकेतून जॅझच्या तबकड्या आणायचे. एका कानानं डॉक्टर, दुसऱ्या कानानं मामा, असं ते सांगायचे. दोन्ही मिसळून जे झालं ते त्यांचं. त्यात मी आमच्या गाण्यांचा केरव्याचा ठेका घातला. पहिले काही दिवस दोन्ही ठेक्यांची नुसती भांडणं. मग एका संध्याकाळी तो तीन-दोनचा ठेका माझ्या हातात आपसूक बसला. भाईंनी वाजवणं थांबवलं नाही, फक्त डोळे मोठे केले. खाली अंगणात दादा पेपर बाजूला ठेवून वर बघत होते.

बारीक तार तुटली की मोठी पंचाईत व्हायची. तसल्या नायलॉनच्या तारा हैदराबादेत मिळत नव्हत्या. भाई अफझलगंजच्या बाजूला जाळी-दोऱ्यांच्या दुकानातून मासे धरायचा दोरा आणायचे आणि जाडी बोटांनी चाचपून तोच तार म्हणून चढवायचे. आवाज थोडा मऊ यायचा. पुढं कित्येकांनी त्या मऊ आवाजाचं कौतुक केलं.

ते दिवस सगळं उघडण्याचे होते. गच्च्यांवर केबलच्या तारा आल्या, रस्त्यावर नव्या गाड्या दिसायला लागल्या, आणि पंजागुट्ट्याच्या पुढं एक नवं, काचेचं हॉटेल उभं राहिलं. परदेशी पाहुणे येणार म्हणून तिथल्या मॅनेजरला संध्याकाळी चहाच्या वेळेला 'काहीतरी फॉरेन' हवं होतं. भाई तिथं एकटे वाजवायला लागले. महिन्याभरानं त्यांनी मॅनेजरला सांगितलं, मला ताल पाहिजे, आणि ताल वाजवणारी मुलगी माझ्या घरात आहे.

आमच्या घरात त्यावरून जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. आई जेवली नाही. "विहारात नको म्हटलं, तर ही हाटेलात निघाली," एवढंच म्हणत राहिली. शेवटी दादा म्हणाले, "मी बरोबर जाईन. रोज." आणि खरंच गेले. छापखान्यातून परस्पर यायचे, हात-तोंड धुवायचे आणि लाउंजमध्ये त्यांना बसू देत नसत म्हणून भटारखान्याकडच्या बोळात स्टुलावर बसायचे. वाढपी त्यांना चहा द्यायचे. मी वाजवताना तो बोळ मला दिसायचा.

लोकांना ते आवडायला लागलं. ढोलकी वाजवणारी साडीतली मुलगी आणि आफ्रिकेचा गिटारवाला, हे आधी नवल म्हणून. मग काही माणसं नेमानं येऊ लागली. पण मॅनेजर खूश नव्हता. त्यानं दुसऱ्या एका हॉटेलात कीबोर्ड पाहिला होता. त्यात ढोल, बासरी, व्हायोलिन, सगळं बटणावर. "एक आदमी, पूरा आर्केस्ट्रा," तो म्हणायचा. आणि मग एके दिवशी म्हणाला की बाहेरच्या कंपन्यांचे मोठे लोक येणार आहेत, त्या संध्याकाळी तुम्ही वाजवा. जमलं तर तुम्ही राहाल, नाही तर मशीन येईल.

त्या संध्याकाळच्या आदल्या दिवशी साध्या कपड्यांतला एक पोलीस आमच्या घरी आला. आम्ही गच्चीवर सराव करत होतो. तो जिना चढून वर आला, गिटारीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"हॉटेलात नोकरी करता?" त्यानं भाईंना विचारलं.

भाई उभे राहिले. मी त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं, हात दोन्ही बाजूंना ताठ, शाळेतल्या पोरासारखे. त्यांचा परवाना विद्यार्थ्याचा. तो वाढवून मिळावा म्हणून अर्ज पडून होता. काम करायची परवानगी त्यात नव्हती. हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्ही सगळ्यांनीच त्याकडं डोळेझाक केली होती.

"उद्या सकाळी कचेरीत या," पोलीस म्हणाला. "पासपोर्ट घेऊन. तक्रार आहे."

कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही. तो गेल्यावर आई एकेका घराकडं बोट दाखवायला लागली. दादांनी तिला थांबवलं. "शोधायचं नाही. सापडला तर रोज त्याच्या दारावरून जाणं अवघड होईल."

सकाळी दादांनी रजा टाकली आणि भाईंबरोबर गेले. जाताना भाई मला म्हणाले, "शाम को पहुँच जाऊँगा. तू सीधे हॉटेल जा." गिटार त्यांनी घरीच ठेवली, मी घेऊन यावी म्हणून. परत पाठवलं तर काय होईल, हा विषय कुणीच काढला नाही. तिकडं विमानतळावरूनच तरण्या माणसांना धरून लढाईवर नेतात, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं.

दुपार मी कशी काढली ते सांगता येत नाही. दर वेळी फाटक वाजलं की आई आणि मी दोघी दाराशी. शेवटी मी साडी नेसले, ढोलकी आणि गिटार घेऊन रिक्षात बसले. आई मागून आली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "नीट वाजव."

लाउंज फुलांनी भरलेला. टेबलांवर पांढऱ्या चादरी. कोपऱ्यात आमच्या जागेशेजारी स्टँडवर कीबोर्ड आधीच मांडलेला, आणि एक चुणचुणीत माणूस त्याच्या वायरी जोडत होता. मी गिटार भिंतीला टेकवून बसले. बोळातलं स्टूल रिकामं. पाहुणे यायला लागले. टाय लावलेले, काही गोरे, काही जपानी वाटणारे. मॅनेजर माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"वो नहीं आएगा," तो हळू आवाजात म्हणाला. "पोलीसवालों का फोन आया था. मैंने बोल दिया, ऐसा कोई आदमी हमारे यहाँ काम नहीं करता. समझी? कोई पूछे तो तू भी नहीं जानती."

"सोडलं का त्यांना?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं असावं.

"मेरेकू क्या मालूम."

तो वळून गेला. उठून घरी जावं, की कचेरीत, की इथंच बसावं, काही कळेना. कचेरी कुठल्या बाजूला आहे हेही मला नीट माहीत नव्हतं. समोर गिटार तशी टेकलेली. मला वाटलं, आत्ता मी उठले तर ही जागा गेली, आणि ते आलेच तर त्यांना परत यायला जागा राहणार नाही. मी ढोलकी मांडीवर घेतली आणि वाजवायला लागले.

नुसता ठेका. तीन, मग दोन. आणि त्याच्या खाली आमचा केरवा. आधी कुणाचं लक्ष नव्हतं, चमचे वाजत होते, लोक बोलत होते. मी डोळे मिटून भाईंचा अंगठा कुठं पडेल ते आठवत होते आणि ती जागा रिकामी सोडत होते. हळूहळू जवळच्या टेबलांवरचं बोलणं कमी झालं. कुणीतरी बोटांनी टेबलावर ताल धरला. बोटं दुखायला लागली, मनगट आखडलं. मी थांबले नाही. मला अशी भीती होती की थांबले तर कुणीतरी येऊन त्यांचं काय झालं ते सांगेल.

मग मॅनेजरनं खूण केली. माझ्या शेजारी कीबोर्ड सुरू झाला. बटणावरचा ठेका, एकसारखा, मोठा. तो माझ्या ठेक्यावरून पाण्यासारखा पसरला. मी थोडा वेळ झगडले. तो वाजवणारा माणूस वाईट नव्हता, त्यानं माझ्याकडं पाहून खांदे उडवले, मी काय करू म्हणून. मी ढोलकी खाली ठेवली. गिटार उचलली, ढोलकी उचलली आणि पाहुण्यांच्या मधून चालत बाहेर पडले.

रस्त्याच्या पलीकडं एका इराणी हॉटेलाच्या दाराशी दादा आणि भाई उभे होते. दोघंही. मी गाड्या न बघता रस्ता ओलांडला. दादा ओरडले, "अगं, हळू!" मी जाऊन दादांच्या छातीवर डोकं टेकवलं आणि मग मला रडू फुटलं.

काय झालं ते दादांनी चहा पिताना सांगितलं. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. साहेबानं दादांना विचारलं, तुम्ही याचे कोण? दादा म्हणाले, घरमालक. याचं पोट कोण भरतं? दादा म्हणाले, माझी बायको. मग साहेबानं हॉटेलात फोन लावला. मॅनेजरनं साफ नाकारलं. नोकरीच नाही म्हटल्यावर तक्रारीत दम राहिला नाही. साहेबानं पासपोर्ट टेबलावरून सरकवला आणि म्हणाला, अर्जाचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याला हजेरी लावा. आणि पुन्हा कुठं वाजवताना दिसलात तर मी काही करू शकणार नाही.

म्हणून ते रस्त्याच्या पलीकडेच थांबले होते. आत यायची सोय नव्हती.

"बजाई?" भाईंनी मला विचारलं.

"हौ."

"अकेले?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातातून गिटार घेतली, पण उघडली नाही. कापडावरूनच तिच्यावर हात फिरवत राहिले.

त्यानंतरची वर्षं भाईंनी लपून काढली असंच म्हणावं लागेल. त्यांचं सगळं नाव त्या लपण्यातूनच झालं, ही गोष्ट वेगळी. मद्रासमधला तेलुगू सिनेमा तोवर हैदराबादेत चांगलाच रुजला होता, गाणी रेकॉर्ड करायला नवे स्टुडिओ निघाले होते. स्टुडिओत काचेमागं कोण वाजवतंय हे कुणी पाहत नाही. विहारातल्या गाण्यांच्या कॅसेटी जिथं भरायच्या तिथल्या रेकॉर्डिस्टला दादा ओळखत होते. त्यानं भाईंना एका संगीतकाराकडं नेलं. संगीतकारानं दोन मिनिटं ऐकलं आणि गिटारीच्या सुरांचा लिहून आणलेला समोरचा कागद फाडून टाकला. "याला हवं ते वाजवू द्या," म्हणाला.

मग भाई आठवड्यातून तीन-चार दिवस जायला लागले. नायिकेच्या पावसातल्या गाण्यात, नायकाच्या मोटारसायकलच्या गाण्यात, क्यूबाचा डॉक्टर आणि जहाजावरचे मामा ऐकू यायचे. लोक ती गाणी लग्नांत वाजवायचे. कॅसेटच्या वेष्टनावर भाईंचं नाव कधीच नसायचं, आणि तेच त्यांना हवं होतं. एखाद्या हॉटेलात बसलो असताना त्यांची गिटार लागली की ते आधी दाराकडं बघायचे.

दर महिन्याची हजेरी चुकली नाही. दर महिन्याला आदल्या दिवसापासून ते जेवत नसत. आई वर जाऊन बसायची. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच यायची. ती मिरच्यांचे देठ मोडत बसायची, तेही मोडायला लागायचे. ते घरी परत आले की ती काही विचारत नसे, फक्त तव्यावर भाकरी टाकायची.

त्यांची आई जिवंत आहे हे एका मिशनरी बाईंकडून कळलं. ते त्या दिवशी गच्चीच्या टाकीला टेकून कितीतरी वेळ उभे होते. शेवटी, इथं राहायचा आणि काम करायचा रीतसर परवाना मिळाला, तोवर माझं लग्न होऊन मी विद्यानगरला राहायला गेले होते, एका कंपनीत कॉम्प्युटरवर हिशेब बघत होते. दादा रिटायर झाले होते. परवान्याचा कागद घेऊन भाई आधी त्यांच्याकडं गेले, आणि मग माझ्याकडं.

"अब बाहर बजाएँगे," म्हणाले. "तू आ."

मी सरावात नव्हते. तरी गेले. आबिड्सजवळच्या एका छोट्या सभागृहात आमचा कार्यक्रम ठरला. भाई, मी, आणि स्टुडिओतला एक बेस वाजवणारा. तिकीट ठेवलं नव्हतं. स्टुडिओतले लोक आले, विहारातले आले, विद्यापीठातली आफ्रिकेची पोरं आली. आई पहिल्या रांगेत. गल्लीतल्या, पापडवाल्या शेजारीण बाईही आल्या होत्या, आईच्या शेजारी बसून होत्या.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर भाईंचा अंगठा थांबला. मी वर पाहिलं. ते हॉलच्या बाजूच्या दाराकडं बघत होते. दाराशी खाकी कपड्यांतला एक माणूस उभा होता. बंदोबस्ताचा, की नुसता आवाज ऐकून डोकावलेला, कोण जाणे. भाईंच्या कपाळावर घाम आला होता, बोटं तारांवर तशीच, हलत नव्हती. परवाना त्यांच्या खिशात होता. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी बोटं हलेनात.

मी ठेका सोडला नाही. तीन, मग दोन. बेसवाल्यानं घाबरून माझ्याकडं पाहिलं, मी त्याला मानेनं सांगितलं, चालू ठेव. लोकांना वाटलं असेल ही ढोलकीची जागा आहे. मी जोरात वाजवायला लागले.

"भाई," मी म्हणाले, "इकडं बघा. माझ्याकडं."

त्यांनी ऐकलं. खुर्ची उचलली, आणि सगळ्या लोकांसमोर ती फिरवून ठेवली, दाराकडं पाठ, तोंड माझ्याकडं. श्रोत्यांना त्यांची फक्त एक बाजू दिसत होती. ते बसले. एक आवर्तन त्यांनी नुसतं ऐकलं, पायानं ताल धरला, आणि मग वाजवायला लागले.

मी त्यांना इतक्या वर्षांत तसं वाजवताना ऐकलं नव्हतं. गच्चीवरही नाही, स्टुडिओतही नाही. ते जोरात वाजवत होते, दोन-तीनदा चुकले आणि चुकून तसेच पुढं गेले. गाणं संपलं तेव्हा मी दाराकडं पाहिलं. तो खाकी कपड्यांतला माणूस तिथं नव्हता. कधी गेला ते कळलंच नाही.

भाई अजून हैदराबादेत आहेत. सिकंदराबादला मुलांना शिकवतात, वर्षातून एक-दोन कार्यक्रम करतात, आणि कार्यक्रमात अजून तसेच, बाजूला तोंड करून बसतात. शिकणारी पोरंही आता तशीच बसायला लागली आहेत. भाई त्यांना रागावतात. म्हणतात, सीधे बैठो, लोगों की तरफ देखो.